बाक जरा डावीकडे

"ताटली घासली नाहीत. नुसती विसळलीत," बायको पलंगावरून म्हणाली.

वायरमनने ताटली परत मोरीत नेऊन टाकली. न्याहारीची बशी बाहेर बाकावर ठेवून तो पाखरांची ही ताटली न्यायला आत आला होता, तेवढ्यात हे फर्मान. वाद घालायलाही अंगात जीव लागतो, आणि त्याचा तो पहाटेच संपला होता. तिला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, औषधं द्यायची, मग स्वयंपाकघर. जन्मभर लोकांच्या घरी दिवे लावले आणि आता स्वतःच्या घरात डोळ्यांपुढे अंधारी.

बायकोला कंबरेखाली काही हलवता येत नव्हतं. मानही जेमतेम वळायची. जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तो रिकाम्या पोटी चक्कर येऊन ओट्यापाशी कोसळला. भांडी पडल्याचा आवाज ऐकून तिने पलंगावरून हाका मारल्या, मारतच राहिली, तेव्हा शेजारी धावत आले. त्यांनी त्याला पाणी पाजलं आणि चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवल्या. बायकोने मात्र नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि त्याच आठवड्यात बाईसाहेबांना काय आठवावं, तर परसातली पाखरं!

बरं, मूठभर दाणे फेकून भागेल तर शपथ. पाव चालणार नाही, त्यात कस नसतो. बिस्किटं नकोत. खारे दाणे तर विषच. शेंगदाणे बिनमिठाचे, तेही भरडलेले. सफरचंद बिया काढून. पाणी रोज ताजं, भांडं उथळ. उरलंसुरलं संध्याकाळी काढायचं, नाहीतर बुरशी धरते. जावयाचेसुद्धा एवढे लाड झाले नव्हते.

शिवाय पाखरं बुजरी असतात, असं तिचं म्हणणं. शेजारी कोणी शांतपणे खात बसलं की त्यांची भीड चेपते. म्हणून त्याने आपली बशी घेऊन बाकावर बसायचं. बशीत अंडं आणि केळं, जोडीला दुधाचा पेला, हेही तिनेच ठरवलेलं. भराभरा खायचं नाही, पाखरं उडतात. बाकाची जागासुद्धा तिने पलंगावरून ठरवली. तो परसात बाक ओढायचा आणि ती खिडकीतून ओरडायची, "जरा डावीकडे. अजून जरा." त्या ओढाओढीत त्याची कंबर धरली ती धरलीच.

तिला सगळं कळायचं. तो लवकर आत आला की म्हणायची, "आज लगेच उठलात. पाखरांचं नीट झालं नसेल." बशीत काही टाकून उठला तर तेही तिला ठाऊक. पाखरांवर अगदी डोळ्यांत तेल घालून नजर! नवरा जगतोय की मरतोय, त्याचं सोयरसुतक नाही. हे त्याला लागायचं. फार लागायचं.

आज त्याने ठरवलं होतं. उद्यापासून पाखरं बंद. तुझी आंघोळ झाली की एक बोलायचंय, एवढं त्याने तिला सांगूनही ठेवलं.

आंघोळ घालायला येणाऱ्या ताईंनी तिला चाकाच्या खुर्चीतून न्हाणीघरात नेलं. तो चादर बदलायला लागला. एक बाजू खोचली आणि कंबरेत अशी कळ आली, की तो होता तसाच पलंगावर आडवा झाला. एका माणसाचा पलंग तो, भाड्याने आणलेला. तो स्वतः खाली गादी टाकून झोपायचा. या पलंगावर त्याने आजवर पाठ टेकली नव्हती. त्याचं डोकं तिच्या उशीवर आलं.

समोर खिडकी होती. खिडकीत पाण्याच्या टाकीची भिंत होती. ताटली टांगायची ती फांदी काही दिसेना. त्याने मान तिरकी केली. कोपरावर उठून पाहिलं. फांदी नाही, पाण्याचं भांडं नाही, नुसती टाकी. तो परत उशीवर पडला.

टाकीच्या कडेला, उरलेल्या मोकळ्या जागेत बरोबर मधोमध, बाक दिसत होता. त्याच्यावर त्याची बशी होती. अंडं अजून शाबूत होतं.

जरा डावीकडे. अजून जरा.

त्याला ओट्यापाशी पडलेला तो दिवस आठवला. उठता न येणाऱ्या बाईच्या त्या हाका आठवल्या. न्हाणीघराचं दार वाजलं, तसा तो धडपडत उठला आणि उशीला पडलेला खळगा त्याने थोपटून सारखा केला.

ताईंनी तिला निजवलं. आंघोळीनेही ती दमून गेली होती.

"काय बोलायचं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही. पाखरं खोळंबली असतील. जातो."

तो बाकावर जाऊन बसला. अंडं खाल्लं, केळं खाल्लं, दूध संपवलं. कसलीही घाई केली नाही. टाकीआडची फांदी रिकामीच होती. ताटली अजून मोरीत पडली होती आणि झाडाकडे एक चिमणीसुद्धा फिरकली नव्हती.

आत बायको ताईंना सांगत होती, "आज पाखरांनी अगदी पोटभर खाल्लं हो."