एका टिचकीत मल्हार

"ओठ आधी हालत्यात, आवाज मागनं येतोय. ह्यो व्हिडिओ न्हाई चालायचा," भाऊसो म्हणाले.

प्रांजलनं कपाळाला हात लावला. साताऱ्याच्या बसस्टँडमागं तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कुंडलहून एसटीनं आलेल्या या म्हाताऱ्याला तिनं त्याच्या मुलाचे, मल्हारचे, जुने व्हिडिओ नव्या प्रकारात बदलून दिले होते. पोरानं ते कोइमतूरहून आईला पाठवलेले. मागं सोनं-चांदी गाळायची गलाईची भट्टी, पुढं हनुवटीवर खळी असलेला हसरा चेहरा आणि एकच प्रश्न, "आये, जेवलीस का?"

"काय झालं मल्हारला?" तिनं विचारलं.

"दुकानात भडका उडाला. माळ्यावरनं खाली पडला, डोक्याला मार बसला. तवापसनं घर मुकं झालंय बघा."

पुढचं विचारायचा तिला धीर झाला नाही.

ओठ आणि आवाज जुळायचे तर मूळ व्हिडिओच चालवायला हवे होते, आणि त्यांना वेगळा प्लेयर लागत होता. घरात लॅपटॉप एकच, भाऊसोंच्या लेकीला, क्रांतीला, पतसंस्थेनं कामासाठी दिलेला. त्यात नवं काही टाकायला बंदी. ब्राउझर तेवढा मोकळा.

मग प्रांजल इरेला पेटली. फुकट मिळणारा एक प्लेयर घेऊन तिनं त्याचं ब्राउझरलाच जोडता येणारं एक्स्टेंशन केलं. एक टिचकी मारली की बसला, दुसरी मारली की मल्हार समोर. अवघड गोष्ट अवघड करून दाखवणारे पैशाला पासरी असतात; सोपी करणारा विरळा. प्रांजल त्या विरळ्यांतली.

"लय झ्याक! आमच्या तानुबाईनं सोताच बसवला," भाऊसोंचा फोन आला. तानुबाई म्हणजे त्यांची बायको. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, शाळेचं तोंड न पाहिलेली.

"मी येऊन बघू का, कसा चालतोय?"

"एवढ्यात नगं. आमच्यात कोकरू पायावर हुबं राह्यल्याबिगर परक्याला दावत न्हाईत. नजर लागती."

प्रांजल हसली. प्लेयर अजून कच्चाच आहे, हे तिलाही पटत होतं.

मग फर्माइशी सुरू झाल्या. सावकाश चालला पाहिजे. एकच शब्द फिरून फिरून लागला पाहिजे. तोंड मोठं दिसलं पाहिजे. त्या माउलीला लेकाचं 'आये' पुन्हा पुन्हा ऐकायचं असेल, असं प्रांजलला वाटायचं. ती प्रत्येक सोय तितक्याच मायेनं करून द्यायची.

शेवटची मागणी मात्र चमत्कारिक होती.

"आवाज बंद आन् नुसतं चित्र चालू, आसं जमंल?"

प्रांजलनं मनाशी म्हटलं, लेकाचा आवाज आता सोसत नसेल, चेहरा मात्र सुटत नसेल. तिनं डोळे पुसले आणि पडद्यावर कर्ण्याचं ठळक बटण दिलं. आवाज बंद केला की त्यावर लाल फुली यायची.

पुढं बरेच दिवस फोन नाही. आणि एका सकाळी भाऊसो म्हणाले, "या आता, पोरी. जेवायलाच या."

कुंडलच्या त्या घराच्या सोप्यात ती चपला काढत होती, तोच आतून आवाज आला. "आ...ये. जेव...लीस... का?"

ओळखीचाच आवाज, पण अडखळत, तुटत येणारा. ती शरमली. एवढी मेहनत करून ऐन वेळी प्लेयरनं दगा दिला होता.

"काका, आवाज तुटतोय हो. आत्ता नीट करून देते."

"नगं गं बाई, हात लावू नगंस," म्हणत भाऊसोंनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "लय ग्वाड लागतोय."

ती आत गेली. लॅपटॉपवर मल्हारचा हसरा चेहरा सावकाश ओठ हलवत होता. कोपऱ्यातल्या कर्ण्यावर लाल फुली होती. आणि लॅपटॉपसमोर, तानुबाईचा हात घट्ट धरून, हनुवटीवर खळी असलेला एक पोरगा पडद्याबरोबर ओठ हलवत बसला होता.