उभ्या गाडीचे तास

अंगणात दोन पिकअप होत्या, चार माणसं, चहाचे तीन रिकामे कप आणि इंजिनातून काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले चार हीटर प्लग. सकाळचे सव्वासहा झाले होते.

पहिली पिकअप छगनमामाची. कोल्हारहून पेरू भरून रोज पहाटे बाजाराला जाणारी; काटा तीन लाख बारा हजार किलोमीटरवर. दुसरी कल्याणची. तो कुवेतला ट्रक चालवायला गेला त्या दिवशी तिचा काटा एकसष्ट हजार चारशे अठरावर होता. तीन वर्षांनी आजही तिथेच होता.

धंद्याला एकच गाडी पुरत होती. दहा वाजता कोपरगावचं गिऱ्हाईक येणार होतं. ज्या गाडीचं इंजिन भरवशाचं ती ठेवायची, दुसरी त्याला दाखवायची. तोंडी वाद नकोत म्हणून धनश्रीनेच मोजून ठरवायचं सुचवलं होतं. ती बाहेरगावी राहून नुकतीच फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन आली होती, वहीत तक्ता आखून तयार होता.

"मोजा की," तिची आई, कडूबाई, बिनघोर होती. "माझ्या कल्याणची गाडी नव्यावानी हाय. आला की दुसऱ्या दिवशी भाडं मारंल."

गाडी दारात आहे तोवर पोरगा परत येणार, इतकं साधं तिचं गणित होतं. धनश्रीलाही ते कधी चूक वाटलं नव्हतं.

कल्याणचा शाळेपासूनचा दोस्त कानिफनाथ आता गावातला मिस्त्री होता. प्लग काढलेल्या भोकात त्याने गेज बसवला, मामांनी चावी फिरवली. इंजिन दाब किती धरतं ते गेज दाखवत होता; आकडा जास्त तितकं इंजिन चांगलं. मामांच्या गाडीचे चार सिलिंडर आधीच मोजून झाले होते: सव्वीस, सव्वीस, पंचवीस, सव्वीस. कल्याणच्या गाडीचे आले एकवीस, एकोणीस, बावीस, अठरा. कानिफनाथने शेवटचा पुन्हा मोजला. अठराच.

"गेज बिघडला आसंल," कडूबाई म्हणाली.

"गेज तोच हाय, मावशी." त्याने एक प्लग उचलून उजेडात धरला. टोकावर काजळीची साय धरली होती. "ही गाडी उभ्या उभ्या चालू कोन ठेवतं?"

कडूबाईने पदराला हात पुसले.

"मीच. रोज साडेसहाला त्याचा फोन येतो. मी चावी फिरवते अन् फोन बोनेटवर ठेवते. तिकडं तवा चार वाजल्याले आसत्यात. चार पंचविसाला त्याची कंपनीची बस. तवर ऐकतो."

"अन् बोलतो काय?" मामांनी विचारलं.

"बोलायचं काय त्यात? ऐकतो. मी तवर आंगन झाडून घेते."

"लोक सकाळी भजनं लावत्यात," मामा म्हणाले, "आमच्या आक्कीनं इंजिन लावलंय."

धनश्रीने वहीच्या कडेला गुणाकार केला. रोजची वीस मिनिटं धरली, तर तीन वर्षांत तीनशे पासष्ट तास. तिने आकड्याखाली रेघ मारली नाही.

"उभं इंजिन पुरतं तापत न्हाई," कानिफनाथ हळू आवाजात म्हणाला. "डिझेल अर्धंच जळतं. काजळी बसत जाती अन् दाब सुटतो. त्यापेक्षा बंद ठेवल्याली बरी."

"मला वाटलं, आपन जपतोय तिला," कडूबाई म्हणाली.

ती कप उचलायला वाकली तेव्हा धनश्री कानिफनाथजवळ सरकली. "हे दादाला माहीत नव्हतं का?"

तो पाना पुसत राहिला. "कल्याणला? हे मला त्यानंच शिकवलं हाय."

साडेसहाला फोन वाजला. कडूबाईने वर्तमानपत्रावरच्या चार प्लगांकडे पाहिलं आणि सवयीने फोन स्पीकरवर करून बोनेटवर ठेवला.

"आई, लाव."

"आज थांब जरा."

"का? प्लग काढल्यात का?" त्याने लगेच विचारलं, "कान्या आलाय?"

"हाय इथंच," कानिफनाथ म्हणाला.

"किती दाखवतोय?"

कानिफनाथने मान फिरवली. धनश्रीने वहीतून वाचून दाखवलं. चारही आकडे, क्रमाने.

"आन् मामाची?"

"सव्वीस. एकच पंचवीस."

पलीकडे कुणीतरी बादलीत पाणी सोडत होतं. बादली भरली.

"मग मामाची ठेवा," कल्याण म्हणाला. "त्यात इचारायचं काय?"

"अन् तू आल्यावर?" कडूबाईने विचारलं.

"कान्या," तो म्हणाला, "प्लग बसव. मी थांबतो."

प्लग बसायला चौदा मिनिटं लागली. एक पाना हातातून निसटून खाली गेला, मामांनी काढून दिला. तोवर कोणी फोन ठेवला नाही. तिसऱ्या स्टार्टरला इंजिनने पकड घेतली. काळा धूर कुंपणापर्यंत गेला. कडूबाईने फोन आणखी आत, काचेच्या बाजूला सरकवला आणि तळहात बोनेटवर टेकवून उभी राहिली. आज अंगण झाडायचं राहिलं.

मामा इंजिन बंद करायला दोनदा चावीपर्यंत जाऊन परत आले.

फोन बंद झाला तेव्हा ऊन पेरूच्या रिकाम्या क्रेटांवर आलं होतं; तिकडची चार पंचविसाची बस केव्हाच गेली होती. धनश्रीने स्क्रीनवरचा कॉलचा वेळ पाहिला आणि तक्त्याखाली लिहून ठेवला.

चोपन्न मिनिटं, अकरा सेकंद.