गैरहजर सभासद

टोरे आजोबांनी पेल्यावर चमचा तीनदा वाजवला आणि सभा सुरू झाली.

"उशीर कोणाला झाला?" त्यांनी दरडावून विचारलं.

"मला, साहेब." इब्राहीम ड्रायव्हर घाईघाईनं राजश्रीशेजारी टेकला आणि मराठीत कुजबुजला, "ताई, गाडी लावूपर्यंत तरी अध्यक्षांनी दम धरायचा होता." रत्नागिरीचा गडी. रोज असलं काहीतरी बोलायचा आणि रोज राजश्री हसू दाबायची. आज तिला हसू आलंच नाही.

अल हिलाल या आखाती वस्तीतल्या त्या घरात न्याहारी झाली की रोज सभा भरायची. आजोबा, त्यांची मुलगी ब्रिटा मॅडम, इब्राहीम, आणि चार वर्षं आजोबांचं सगळं करणारी राजश्री. बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं. विषय साधेच. खजूर हवेत की केळं, एसी लावायचा की खिडकी उघडायची. सूचक, अनुमोदक, हात वर, ठराव मंजूर. नव्वदीला टेकलेल्या आजोबांची आठवण पार पुसली होती. बायकोचं नाव गेलं, मुलीचं गेलं, शेवटी स्वतःचंही गेलं. सभा तेवढी राहिली.

राहणारच. सगळा जन्मच त्यांनी सभेत घालवला होता. स्वीडनच्या एका बेटावर एकच दुकानदार होता आणि तो कोळ्यांच्या गळ्यात अळ्या पडलेलं पीठ मारायचा. तिथं या माणसानं अकरा घरं एकत्र केली आणि सगळ्यांच्या मालकीचं दुकान काढलं. त्या एका दुकानाची गावोगाव शेकडो झाली. लोकांनी त्यांना संसदेत पाठवलं. पुढे मंत्रिपद चालून आलं, तर हे म्हणाले, "त्या दिवशी जमणार नाही, आमच्या दुकानाची सभा आहे." हे सगळं राजश्रीनं मॅडमकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं. पण लहानपणापासून कीर्तनात बसलेल्या बाईला आख्यान जुळवायला कितीसा वेळ लागतो! आजोबांना आंघोळ घालताना ती मोबाइलवर बुवांचं कीर्तन लावायची. आजोबा साबणाच्या डबीवर ताल धरायचे. एका अक्षराचा अर्थ कळत नव्हता, पण सम कधी चुकायची नाही.

काल संध्याकाळी मॅडमनी तिला स्वयंपाकघरात गाठलं होतं. मॅडमचं ऑफिस त्यांना इथं आणखी एक वर्ष ठेवायला तयार होतं. त्या नाही म्हणणार होत्या. स्वीडनच्या एका वृद्धाश्रमात जागा झाली होती आणि आज दुपारपर्यंत कळवायचं होतं.

"माझ्यानं आता होत नाही, राजश्री. पण बाबांच्या सभेत ठराव झाला ना, तर माझ्या जिवाला बरं वाटेल. तू हात वर करशील?"

त्यांचे खोल गेलेले डोळे पाहून राजश्रीनं मान डोलावली होती. आज सकाळी आजोबांच्या पाठीवर पाणी ओतताना तिला तांब्या उचलवेना.

आता मॅडम उभ्या राहिल्या. "एक सभासद फार म्हातारे झालेत. त्यांना त्यांच्या देशातल्या वृद्धाश्रमात पाठवावं, असा ठराव मी मांडते."

"नाव?"

"टोरे."

आजोबांनी ते नाव दोनदा जिभेवर घोळवलं. ओळख काही पटली नाही. "माणूस कसा आहे?"

मॅडमनी राजश्रीकडे पाहिलं. शेवटी राजश्रीच म्हणाली, "देवमाणूस आहे, आजोबा."

"मग का पाठवताय?"

"थकलेत," मॅडम पुटपुटल्या.

"कोण थकलंय? ते, की आपण?"

डोक्यावरून विमान गेलं. त्याची घरघर विरेपर्यंत आजोबा थांबले.

"अनुमोदक?"

इब्राहीमनं खाली मान घालून बोट वर केलं. मॅडम काल त्याच्याशीही बोलल्या होत्या. "खलास," तो स्वतःशीच म्हणाला.

"हात वर."

मॅडमचा हात वर गेला. इब्राहीमचा गेला. आख्यानात नेमक्या अशा घटकेला देव धावून येतो. राजश्रीनं मनातल्या मनात पांडुरंगाला हाक मारली आणि क्षणभर वाट पाहिली. मग तिनंही हात वर केला.

आजोबांनी बोटानं एकेक हात मोजला. तीन. त्यांचे स्वतःचे हात मांडीवरच होते. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पुन्हा एकदा निरखून पाहिले, जणू कोणी मोजायचं राहून गेलं होतं.

"तो टोरे कुठे आहे?"

इब्राहीमनं हात खाली घेतला.

"त्याला विचारलंच नाही?" एके काळी भरल्या सभागृहाला शांत करणारा तो आवाज चार वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात घुमला. "मी या खुर्चीत असेपर्यंत माणसाच्या पाठीमागे त्याचा निकाल लागणार नाही!"

वॉकर पुढे ओढून ते उठले. राजश्री आधार द्यायला धावली, तर त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला. "बसा बाई. तुमचं मत देऊन झालंय."

पाय फरपटत ते बोळातून निघाले. स्वयंपाकघरात डोकावले. न्हाणीघरात पाहिलं. मॅडमचा हात अजून वरच होता, तो खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं. शेवटी आजोबा बोळाच्या टोकाला, आपल्याच खोलीच्या बंद दारापाशी थांबले. दारावर टकटक केली. उत्तर आलं नाही, तसं त्यांनी दाराला गाल लावला आणि रुसून लपलेल्या लेकराला बोलवावं तसं हलक्या आवाजात म्हणाले,

"टोरे, बाहेर ये रे. घाबरू नकोस. एक मत तुझ्या बाजूचं आहे."