उजव्या खांद्यावरची पाकळी

मनालीनं तगरीची दोन फुलं देवीपुढं ठेवली आणि म्हणाली, "बाबा, कौल लावा."

बाबाजीच्या हातातला तांब्या जागीच थांबला. देवळात बापलेक दोघंच होती. भातातलं तण काढायला सगळं गाव शेतावर गेलं होतं.

"काय इचारायचं हाय?" त्यानं विचारलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

"पेणला नर्सिंगला नंबर लागलाय. तीन वर्सं होस्टेलला ऱ्हायला लागंल. जाऊ का नको?"

पेण काही लंकेत नाही. रोह्याला गाडीत बसलं की तासाभरात माणूस तिथं उतरतो. बाबाजी हबकला तो अंतरामुळे नव्हे. सहा वर्षांपूर्वी याच पोरीनं, याच जागी बसून, हाच प्रश्न विचारला होता.

गावदेवीच्या पूजेचा मान बाबाजीच्या घराण्याकडे. तो भात आणि वाल पिकवायचा, पण पंचक्रोशीत त्याची ओळख कौल लावणारा म्हणूनच. रीत सोपी होती. दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, एक देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या, आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लेकीचं स्थळ असो, बोअरिंग असो नाहीतर म्हैस विकायची असो, नकार आला की पुढं कोणी शब्द काढत नसे.

तेव्हा मनाली नुकतीच बारावी झाली होती. पुण्याला नर्सिंगला नंबर लागला होता. त्याच उन्हाळ्यात तिची आई शकू अर्धांगाच्या झटक्यानं आडवी झाली. धाकटा नितेश शाळेत. बाबाजीला धड चूल पेटवता येत नव्हती की बायकोची वेणी घालता येत नव्हती. तरी "जाऊ नको" असं लेकीला तोंडावर सांगायला त्याची जीभ रेटेना. बापानं पोरीचं शिक्षण बुडवलं, असं कोण म्हणवून घेईल? मग त्यानं ते काम देवीवर ढकललं. डावी पाकळी नुसत्या पाण्यानं लावली. उजवीला मागच्या अंगानं गंध फासलं, चांगलं दाट. देवीच्या खांद्यावर बंदूक ठेवून त्यानं लेकीवर गोळी झाडली.

डावी पडली. मनालीनं नमस्कार केला, घरी गेली आणि आईसाठी पेज ठेवली.

पुढं ती धाटावला एका कंपनीत पॅकिंगला लागली. शिफ्ट करून यायची आणि आईचे पाय चोळत बसायची. तिच्या हातांनीच शकू उठून बसली, काठी धरून चालायला लागली, आता बसल्या जागी भातही शिजवते. गेल्या वर्षी नितेशला शिकायला पुण्याला पाठवलं. त्याच्यासाठी कौल लावावा, हे घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

"बाबाजीच्या हातचा कौल खोटा जात नाय," असं लोक म्हणत. ते ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. देवी कधी ना कधी शिक्षा करील म्हणून तो वाट बघत होता. देवीनं काही केलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

आता त्यानं मनालीच्या फुलांच्या दोन पाकळ्या खुडून भिजवल्या. गंधाची वाटी उजव्या हाताशीच होती. पोर गेली की घर खायला उठेल, हा विचार आजही मनात आलाच. आणि तो आला म्हणून त्याला स्वतःची अशी किळस आली की वाटी त्यानं पार भिंतीपाशी लोटून दिली.

"मनाली, ऐक गो," तो म्हणाला. "मी पाप केलंय. तवाचा कौल देवीचा नव्हता. उजव्या पाकळीला मी गंध लावलेलं. तुझी आय पडलेली, घर कोण बघंल म्हणून भ्यालो. देवी तुला नाय म्हणालीच नव्हती."

बोलून त्यानं मान खाली घातली. पोरीनं रडावं, चार शब्द सुनवावे, काहीतरी करावं असं त्याला वाटत होतं.

"ठावं हाय मला," मनाली म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुमी शेतावर गेलेले, पूजा मीच केली. ती पाकळी नखानं खरवडून काढायला लागली."

बाबाजीला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. सहा वर्षं लेकीला ठाऊक होतं. तिनं आईलाही सांगितलं नव्हतं.

"मग गेलीस का नाय?" त्यानं कसंबसं विचारलं. "देवीनं अडवलंच नव्हतं, तर तू ऱ्हायलीस कशाला?"

उत्तराची वाट न बघताच बाबाजीनं डोळे पुसले आणि घाईघाईनं पाकळ्या उचलल्या. एकदा तरी खरा कौल लावला, म्हणजे देवीपुढंही सुटलो आणि लेकीपुढंही, असं त्याला वाटलं.

"हे बघ, तुझ्यासमोर लावतो. नुसतं पाणी. देवी देईल तो कौल. मी मधी येणार नाय."

त्याचा हात देवीच्या खांद्याकडे जायच्या आतच मनालीनं धरला.

"देवीला मी तवा पण इचारलं नव्हतं, बाबा. तुमाला इचारलं होतं. आज पण तुमालाच इचारतेय."