दहा पिशव्या

"काका, पिशव्या उघडायच्या नाहीत हं," स्नेहल तिसऱ्यांदा म्हणाली.

"मी कशाला उघडू? मातीच तं हाय," कमळाकर म्हणाला आणि त्याने खोका स्कूटरवर पायाशी नीट बसवला.

खोक्यात मातीच्या दहा पिशव्या होत्या. प्रत्येकीवर स्नेहलने काळ्या मार्करने आकडा घातला होता. पनवेलबाहेरची ती केमिकल कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली होती आणि आता तिथे टॉवर उभे राहायचे होते. तीन महिने डंपर भरभरून जुनी माती उपसून नेली. खाली उरलेली माती स्वच्छ आहे की नाही, ते आता खारघरची प्रयोगशाळा सांगणार होती. नमुने घेण्याचं काम स्नेहलचं, आणि नेमकी त्या दिवशी तिची गाडी आलीच नाही. साइटवर राखणीला असलेल्या कमळाकरने आपण होऊन विचारलं, "मी देऊन येऊ का?" पोरीचा जीव भांड्यात पडला.

कमळाकरने त्याच कंपनीत तीस वर्षं काढली होती. त्याचं घर कंपनीच्या भिंतीला लागूनच. टॉवरच्या रस्त्यासाठी बिल्डरला ते हवं होतं. बोली अगदी साधी होती. मातीचा अहवाल चांगला आला की दुसऱ्या दिवशी खारघरच्या तयार फ्लॅटची किल्ली. वाईट आला, तर काम बंद आणि किल्लीही नाही.

किल्ली त्याला हवीच होती. त्याची सून, पूर्वी, चौथ्या महिन्यात होती. आधीची दोन पोटातच गेली. या खेपेला तिने नवऱ्याला, प्रणितला, तोंडावर सांगितलं होतं.

"या घरात मी ऱ्हानार नाय. आई अजून हितंच हायेत."

आई म्हणजे कमळाकरची बायको, मालू. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. आधी तिचे हात थरथरायला लागले, भाकरी थापता येईना. मग तोंड सुजलं, पाय सुजले, लघवी बंद झाली. डॉक्टर झाले, देवऋषी झाला, कुणालाच काही कळलं नाही. शेवटी शेवटी ती खाटेवरून नुसती दाराबाहेर बोट दाखवायची.

पूर्वीला ती भर दुपारी अंगणात दिसायची. कमळाकर सुनेला वेड्यात काढायचा. पण खरं सांगायचं तर मालू त्यालाही दिसायची. पाठमोरी, उकिडवी बसून जमीन चाचपताना. हाक मारली की तिथे नुसतं ऊन. जिच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला तिचीच त्याला भीती वाटू लागली होती, आणि या भीतीची त्याला फार लाज वाटायची.

त्या दुपारी खारघरला जाण्याआधी तो जेवायला घरी थांबला. पूर्वी ताट वाढून केव्हाची वाट बघत होती.

"बाबा, आमटी पार निवली. न् हात किती माखलेत तुमचे!"

"मातीत काम करतो बाय. हात माखतील नायतर काय?"

चारच्या सुमाराला त्याने दहाही पिशव्या प्रयोगशाळेत पोचत्या केल्या आणि पावती घेऊन खिशात जपून ठेवली.

अहवाल यायला आठ दिवस लागणार होते. तेवढ्यात पूर्वीने भांडीकुंडी बांधायला घेतली. प्रणित जासईच्या कंटेनर यार्डातून येताना खोकी घेऊन यायचा. मालू मात्र आता रोज दिसू लागली. एकदा धीर करून कमळाकर तिच्याशी बोललासुद्धा.

"झालं आता, मालू. आमी चाललो. तू बी सुट."

नवव्या दिवशी स्नेहल स्वतःच घरी आली. पडवीत बसली. पूर्वीने दिलेलं पाणी ती घटाघटा प्यायली आणि मग म्हणाली, "काका, बातमी वाईट आहे. दहाही नमुने नापास झाले."

"आँ? कसं काय?"

"मलाच कळत नाहीये. पारा निघालाय. आपण उपसून नेलेल्या मातीतही इतका नव्हता."

कमळाकरने विचारलं, "पाऱ्यानं काय होतं?"

"पोटात जात राहिला की हात थरथरतात. मूत्रपिंडं जातात. आणि पोटुशी बाई असेल तर..." तिची नजर पूर्वीकडे गेली. मग म्हणाली, "वेळेत कळलं हे नशीब. नाहीतर उद्या त्या मातीवर लेकरं रांगली असती."

कमळाकरचा चेहरा पांढराफटक पडला. घर हातचं गेलं म्हणून, असं स्नेहलला वाटलं. तिला त्याची फार दया आली.

"धीर धरा काका. साइटवरची माती आपण अजून खोल काढू."

पिशव्यांतली साइटवरची माती कमळाकरने खारघरला जाण्याआधी, जेवायला थांबला त्या दुपारीच, नाल्यात ओतून दिली होती. अहवाल चांगला यावा म्हणून त्याने दहाही पिशव्या पुन्हा चांगल्या मातीने भरल्या होत्या, आपल्याच अंगणातल्या, पिण्याच्या विहिरीच्या काठावरच्या.