पाच स्पीकर, एक भुणभुण

फ्रिज बंद. भुणभुण चालूच.

डेस गराजमधला बिअरचा फ्रिज बंद करून आला आणि पाचही स्पीकरांच्या मधोमध उभा राहिला. भुणभुण.

"गेली?" आतल्या खोलीतून लॉर्नाने विचारलं.

"नाही."

"मग लाव तो फ्रिज. बिअर तापली... की तूही... तापशील."

उभी हयात मॉरवेलच्या वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन म्हणून गेली, आणि घरातली एक भुणभुण सापडेना. वायरी बदलून झाल्या. प्लग उलटसुलट करून झाले. कॅसेट टाउन हॉलमधल्या समूहगानाची, तिसऱ्या रांगेत लॉर्ना. पुढच्या बायका उंच गायच्या, त्यांच्या खाली तिचा जाडसर आवाज. भुणभुण नेमकी तिथेच बसली होती, त्याच पट्टीत. तो आवाज डेसला एकदा ऐकायचा होता. बस.

टीव्ही. पंखा. तिचा घड्याळाचा रेडिओ. मासे नसलेली माशांची टाकी. एकेक बंद.

भुणभुण.

"माझं राहिलं," लॉर्ना म्हणाली.

"ते नाही."

"इलेक्ट्रिशियन... तू ना?"

तो तिच्या दारात गेला. पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र धापा टाकत होतं. नळी तिच्या नाकात. वीजकेंद्रातून ॲस्बेस्टॉसच्या धुळीने भरून आलेले त्याचे कपडे इतकी वर्षं मागच्या अंगणात झटकून तिनेच धुतले होते. त्या धुळीने त्याच्या छातीला मात्र काही केलं नव्हतं.

"ते नाही म्हटलं ना," डेस म्हणाला.

तिने हात लांबवून भिंतीवरचं बटण दाबलं.

घर गप्प झालं. पाचही स्पीकर गप्प.

"लाव. आत्ता लाव ते यंत्र," डेस म्हणाला.

तिने त्याला हातानेच हाकललं. गाणं लाव, जा.

तो धावला. बटण दाबलं. उंच आवाज आले, आणि त्यांच्या खाली, सगळ्यांच्या अर्धा क्षण मागे, ती. नेहमीसारखी मागे. डेस तसाच गाणं चालू ठेवून पळत परतला.

"ही तू. ऐकलंस? ही तू."

लॉर्नाने मान हलवली. ओठ निळसर झाले होते. त्याने यंत्राचं बटण दाबलं. यंत्र खोकलं, धापा टाकू लागलं. बाहेर भुणभुण आली आणि तिच्या आवाजावर बसली.

"पुढच्या आठवड्यात प्राणवायूचे छोटे सिलिंडर येतील. तेव्हा यंत्र बंद ठेवून अख्खी कॅसेट ऐकू," तो म्हणाला.

लॉर्नाने नाकातली नळी नीट बसवली. तिला श्वास हवा होता.

डेसने बाहेर जाऊन कॅसेट काढली. स्पीकर मात्र बंद केले नाहीत. आवाजाचं बटण फिरवत नेलं, फिरवत नेलं, स्वयंपाकघरापर्यंत तिच्या यंत्राची भुणभुण नीट पोचेल इतकं. मग किटली लावली आणि ओट्याला टेकून उभा राहिला. चहाचे दोन कप. भुणभुण. दूध. भुणभुण.

"डेस," आतून हाक आली. "गाणं तर... संपलं."

"हो."

"मग हे काय... ऐकतोयस?"

किटलीचं बटण खट् करून उडालं.

"डेस."

"हं."

"सवय... लावून घेऊ नकोस."