न तुटलेला नमुना

लोलक घोंगावत खाली आला, नमुन्यावर आदळला आणि तिथेच थबकला. नमुना वाकला, परंतु तुटला नाही.

कारखान्याच्या परीक्षणशाळेत टाळ्या झाल्या. स्टेनलेस पोलाद जितके बळकट करावे तितके ते थंडीत ठिसूळ होई, हाच आजवरचा अनुभव. परीक्षण करणाऱ्या काकांच्या पुतणीने सात वर्षे खपून त्यावर उपाय शोधला होता. काकांनी मात्र हातातला चिमटा खाली ठेवला नाही.

परीक्षणाची रीत कडक होती. बोटाएवढा नमुना गोठवणाऱ्या द्रवातून उचलावा आणि पाच सेकंदांच्या आत त्यावर लोलकाचा घाव पडावा. तेवढ्या वेळात काका कोणासही चकार शब्द काढू देत नसत. सहकारी त्यांना पाठीमागे ‘मौनीबाबा’ म्हणत. बावीस वर्षांपूर्वी एका गारठलेल्या सकाळी वायूची टाकी फुटली आणि त्यांचा थोरला भाऊ गेला. तेव्हापासून ते असे झाले, हे सर्वांस ठाऊक होते. भावाच्या लेकीला त्यांनीच लहानाचे मोठे केले.

आजही, टाळ्या होण्याआधी, त्यांनी नमुना उचलला आणि ती दारातून म्हणाली, "काका, श्वास तरी घ्या. नाहीतर नमुन्याआधी तुम्हीच मोडाल."

तो दादाचाच आवाज होता. तोच खट्याळ हेल. काकांचा हात जागच्या जागी थिजला. भानावर येऊन त्यांनी लोलक सोडला, तोवर भिंतीवरील घड्याळाचा काटा नऊ सेकंद पुढे सरकला होता.

"करा सही," पुतणीने अहवाल पुढे केला. "आता टाक्या याच पोलादाच्या. बाबांसारखं कुणी जायला नको."

"हा नमुना बाद. दुसरा काढ."

"अहो, सगळ्यांसमोर का माझी फजिती करताय?"

"नऊ सेकंद लागले मला. त्याला ऊब लागली. गार असता तर कदाचित तुटला असता."

"चार सेकंद जास्त. तेवढ्यानं असं काय होणार आहे, काका?"

काकांनी अहवाल उलटा करून ठेवला.

"त्या टाकीच्या पोलादाची परीक्षा मीच घेतली होती," ते म्हणाले. "तुझे बाबा इथंच उभे राहून माझी थट्टा करत होते, आणि मी नमुना चिमट्यात धरून हसत बसलो. तोही तुटला नाही. मी सही केली."